आप्पांच्या खिडकीशी

हातखंबा

प्रिय मनू,

मंगळवारी सलिलरावांचा फोन आला होता. कुळथाची पिठी कशी करतात, विचारत होते. मी म्हटलं, फोनवर सांगून तुम्हाला जमायची नाही, गुठळ्या कराल आणि नाव माझं जाईल, लिहून पाठवते. म्हणून बसलेय. दुपारची जेवणं उरकली, जनी भांडी घासतेय, आता चहाच्या वेळेपर्यंत कुणी फिरकत नाही. अक्षराला हसू नकोस. चौथीत माझी शाळा सुटली, त्यानंतर जे काय लिहिलं ते खानावळीच्या पाटीवर. बांगडा आहे, सुरमई संपली, एवढंच.

तर पिठी. पुड्यात पीठ घातलंय. कुळीथ मी स्वतः भाजलेत, चक्कीवाल्यावर सोडले नाहीत. तेलात मोहरी घालायची, तडतडली की ठेचलेली लसूण, ती लाल होऊ दे, मग हिंग, हळद, हिरवी मिरची. पाणी ओतून उकळी आणायची. पीठ वेगळं थंड पाण्यात ताकासारखं कालवायचं आणि एका हाताने ओतताना दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच म्हणून समज. मीठ, दोन आमसुलं, वर ओलं खोबरं. मऊ भाताबरोबर खा. पण आठवड्यातून एखाद्या वेळी आणि वाटीभरच. कुळीथ उष्ण पडतो. हे का सांगतेय ते शेवटी लिहीन. आत्ताच लिहिलं तर मधलं सगळं तू वाचायची नाहीस, मला ठाऊक आहे. मेतकूटही घातलंय, ते हवं तेवढं खा.

एवढं लिहून पुडा बांधता आला असता. पण आप्पा गेल्यापासून, आषाढातली ती एक दुपार सोडली तर, तू आणि मी एकमेकींशी धड बोललेलोच नाही, हे तुलाही माहीत आहे. दर रविवारी फोन होतो. तू विचारतेस बरी आहेस ना, मी म्हणते बरी आहे. तू विचारतेस जेवलीस का, मी म्हणते खानावळ चालवणारी बाई उपाशी राहील का. मग तू हं म्हणतेस आणि मी ठेवून देते. ठेवल्यावर जनीवर ओरडते. ती म्हणते, रविवार आला की मथुराबायना काय होतं कोण जाणे. असंच चालत राहिलं तर एक दिवस तो फोनही गळून जाईल, भांडण नाही, तंटा नाही, देठ सुकून आंब्याचा मोहोर गळतो तसा. मला तो गळायला नको आहे. म्हणून लांबण लावतेय, आणि तू पण जरा दमाने वाच.

आषाढात आप्पांच्या वर्षश्राद्धाला आलीस, तेव्हा श्राद्ध झाल्यावर राहिलीस आणि खानावळीतल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसायचीस. मी विचारलं होतं, काळ्या पडद्यावरच्या या मुंग्या निवडायचा पगार देतात का गो तुला? टोमणाच होता. पण तू रागावली नाहीस. लॅपटॉप मिटलास आणि तुझं काम मला सांगायला लागलीस. इतका वेळ तू माझ्याशी कधी बोलली नव्हतीस. तव्यावरची भाकरी करपली तो वास मला आला होता. मी उठले नाही.

तू म्हणालीस, मावशी, कॉम्प्युटर आतून तुझ्या खानावळीसारखाच असतो. बाहेर बसलेली गिऱ्हाइकं म्हणजे प्रोग्राम. आत रांधायची खोली, तिथे विस्तव, विळे, मासे, सगळं जोखमीचं सामान. तिथे जिची सत्ता चालते ती कर्नेल. बाहेरच्या प्रोग्रामने आपल्या टेबलावर बसून हवी तेवढी आकडेमोड करावी, पण फाइल उघडायची, पडद्यावर काही उमटवायचं, लांबच्या दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलायचं, तर त्याला स्वतःचा हात लावता येत नाही. मागावं लागतं. त्या मागण्याला सिस्टिम कॉल म्हणतात. मी म्हटलं, आणि न मागता घुसला तर? तू म्हणालीस, बांगडा ताजा आहे का बघतो म्हणत आत शिरलेल्या त्या ट्रकवाल्याचं तू काय केलंस? उलथणं घेऊन हायवेपर्यंत पोचवलंस ना, तस्संच. प्रोग्राम तिथल्या तिथे बंद. मला हे एकदम पसंत पडलं.

एक गोष्ट मात्र डोक्यात शिरेना. काम करणारा प्रोसेसर एकच म्हणालीस, मग बाहेरचा कोण आणि आतला कोण? तू म्हणालीस, एकच, पण त्याच्या दोन अवस्था. साध्या अवस्थेत जोखमीची कामं त्याच्या हातून होतच नाहीत. प्रोग्रामने आपल्या मागणीचा नंबर आणि लागेल ती माहिती ठरलेल्या कप्प्यांत आधी नीट मांडायची आणि मग एक घंटा वाजवायची. घंटा झाली की प्रोसेसर अवस्था पालटतो, ती अधिकाराची होते, आणि तो आत जातो. तोही मन मानेल तिथून नाही, ठरलेल्या एकाच दारातून. प्रोग्राम कुठे थांबला होता त्याची खूण ठेवतात, काम झालं की उत्तर ठरलेल्या कप्प्यात टाकतात, अवस्था पुन्हा साधी करतात आणि प्रोग्राम जिथे थांबला तिथून पुढे चालू लागतो. मी म्हटलं, म्हणजे आपला काशीराम गुरव. माझ्याकडे पाव बुडवून चहा पितो तेव्हा काशीराम, आणि आंघोळ करून सोवळ्याने गाभाऱ्यात उभा राहिला की देवीचा गुरव. माणूस तोच, पण आता तो देवीला हात लावू शकतो, मी नाही. मी आपलं गाऱ्हाणं त्याच्याकडे सांगायचं, तो ते रीतीने देवीपुढे घालणार, आणि उत्तर म्हणून कौल घेऊन मला सांगणार. तू हसलीस. अगदी तसंच म्हणालीस. माझ्या बोलण्यावर तू हसलेली मला नवीन होतं गो.

मग तुला जोर चढला. तू मला पाटीचं पण सांगितलंस. किती वाजले एवढं विचारायला प्रत्येकाने घंटा वाजवली तर आतबाहेर करण्यातच वेळ जाईल, म्हणून वेळेसारखी गोष्ट कर्नेल बाहेरच लिहून ठेवते, ज्याला हवी त्याने वाचून घ्यावी. आपल्या पाटीसारखी. आणि प्रोग्रामने जे मागितलं ते कर्नेल आधी आपल्याकडे उतरवून घेते, मग तपासते, म्हणालीस. बाहेरचं बाहेरच तपासलं तर तपासणं आणि करणं यांच्यामधल्या वेळात बाहेरचा गुपचूप बदलून ठेवतो. हे सांगता सांगता तू खिडकीकडे बघितलंस. मी पण बघितलं. आपल्या दोघींच्या डोळ्यांसमोर एकच माणूस उभा होता.

रांधायच्या खोलीच्या त्या खिडकीशी आप्पा उभे राहायचे. गिऱ्हाईक काय बोललं ते आधी आपल्या तोंडाने परत म्हणायचे, एक बांगडा तळलेला, दोन भाकऱ्या, सोलकढी, बरोबर? गिऱ्हाइकाने मान हलवली की मगच मला आत सांगायचे. नाहीतर बांगडा तळून झाल्यावर लोक म्हणतात मी सुरमई सांगितलेली. खानावळीत ते मधे उभे असायचे आणि घरात पण तेच. तू पडवीत, मी चुलीशी आणि आप्पा मधल्या दारात. मी या घरात आले तेव्हा तू तिसरीत होतीस, तुझ्या आईला जाऊन पुरतं वर्षसुद्धा झालं नव्हतं. तू माझ्याकडे कधी काही मागितलं नाहीस. आप्पांना सांगायचीस. आप्पा, भूक लागली म्हणावं. आप्पा, वेणी घालायचीय म्हणावं. मी चार हातांवर असायचे, सगळं ऐकू यायचं, तरी आप्पा येऊन सांगेपर्यंत मी हलायची नाही आणि मी काय म्हणते ते आप्पा परत येऊन सांगेपर्यंत तू हलायची नाहीस. शेजारची माणसं हसायची. मला तेव्हा राग यायचा, आता वाटतं बरं होतं. काहीतरी पोचत तर होतं.

आणि पोचवताना ते काय करायचे ते मला ते गेल्यावर कळलं. मी चुलीशी धुराने वैतागलेली, म्हणायची, गिळायला ये म्हणावं तिला. आप्पा बाहेर जाऊन सांगायचे, मनू, ताट वाढलंय, निवतंय हो. ते मला ऐकू यायचं. मग तू पण काय काय म्हणाली असशील, ती बाई, ती आमच्या घरातली भांडी वापरते, असलं काहीतरी. माझ्यापर्यंत ते कधी आलं नाही. माझ्यापर्यंत यायचं ते एवढंच, की मनूला तुझ्या हातची आमटी आवडली. आवडली होती का गो खरंच? आता विचारायला माणूस नाही. तुझी कर्नेल कडवट काही आत येऊ देत नाही तसं आप्पा दोन्हीकडचं तपासून घ्यायचे. म्हणून आपण एका घरात एवढी वर्षं राहिलो आणि एकमेकींना एकही जखम नाही, पण ओळख पण नाही.

एकदाच तू सरळ माझ्याकडे आलीस. आप्पा पावस गावाला आंब्याच्या पेट्यांचं बघायला गेले होते, तुला ताप भरला होता. तू रांधायच्या खोलीच्या दाराशी आलीस, चौकट धरून उभी राहिलीस. उंबरा ओलांडला नाहीस. आप्पा नव्हते तरी सवयीने मधल्या दाराकडे बघितलंस. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, पाणी. मी तांब्या दिला. तू तिथेच उभी राहून प्यायलीस, तांब्या खाली ठेवलास आणि गेलीस. मी बराच वेळ मासे तसेच ठेवून उभी होते. ती एवढीशी मागणी, पण मला अजून आठवते. नंतर मी तुझ्या उशाशी तांब्या भरून ठेवला, म्हणजे पुन्हा मागायची पाळी तुझ्यावर येऊ नये. आता वाटतं, कशाला ठेवला. आली असतीस पुन्हा.

त्या दिवशी खानावळीत शेवटी तू एक बोललीस ते माझ्या मनातून जात नाही. मी विचारलं, एवढं किचकट काम, तुला आवडतं ते? तू म्हणालीस, हो, मला यातलं हेच आवडतं की आत कुणी न विचारता येत नाही. तू लॅपटॉपकडे बघत म्हणालीस. माझ्याकडे बघून म्हणाली असतीस तर मला लागलं असतं, पण तू तसं केलं नाहीस, हे मी लक्षात ठेवलंय. मनू, तुला कुणी विचारलं नव्हतं. एका पोरीच्या घरात एक नवीन बाई आणून उभी केली आणि म्हणाले, हिला मावशी म्हण. मलाही कुणी विचारलं नव्हतं. लग्न लागून संगमेश्वराहून निघाले तेव्हा मला वाटेत सांगितलं की घरात एक मुलगी आहे. म्हणजे आपण दोघी एकाच दारात न विचारता ढकललेल्या. पण घर तुझं होतं, म्हणून तुला जास्त लागलं. एवढं मला कळतं.

तू गेलीस आणि पुन्हा तेच हं सुरू झालं. भाताची कापणी उरकल्यावर मी देवळात गेले. काशीरामाला म्हटलं, गाऱ्हाणं घालायचंय. त्याने देवीला पाकळ्या लावल्या, एक उजवीकडे होयची, एक डावीकडे नाहीची, आणि उभा राहिला. बाय माझे आई, हे तुझं लेकरू मथुरा उभं आहे, असं सुरू केलंन आणि माझ्याकडे वळला, काय मागायचं ते सांग. मी सांगितलं, माझी पोर माझ्याशी बोलू दे, आणि तिने मला आपलं म्हणू दे, आणि आप्पांच्या माघारी ते घर तिला माहेर वाटू दे. काशीरामाने तसंच्या तसं घातलंन. आजूबाजूची चार माणसं व्हय महाराजा म्हणाली. पाकळ्या काही हलेनात. ना उजवी पडे ना डावी. उभ्या उभ्या माझे पाय भरून आले. आप्पांचा मित्र म्हणून काशीराम बाहेर येऊन म्हणाला, वहिनी, रागावू नका, पण किती वर्षं या देवळात येताय? एका गाऱ्हाण्यात एकच प्रश्न घालतात. तुम्ही तीन गुंफलेत. देवी कशाचा कौल देणार? आणि दुसऱ्याच्या मनातलं तिला काय विचारताय, ज्याचं त्याला विचारा.

भर देवळात मला असं सुनावलंन. मी त्याला चार दिवस चहा दिला नाही. पण तो बोलला ते खरं होतं. तू पण तेच सांगितलं होतंस ना. मागणी नीट मांडलेली नसली, काय हवंय ते धड नसलं, की कर्नेल ती परत पाठवते. पण परत पाठवते म्हणजे गप्प बसत नाही, हे तू बोट वर करून सांगितलं होतंस. होय असो, नाही असो, चुकलं असो, उत्तर येतंच. कधी कधी लगेच येत नाही. तोवर मागणाऱ्याला झोपवून ठेवतात, दुसऱ्यांची कामं चालू राहतात आणि उत्तर तयार झालं की उठवतात. मी तेव्हा विचारलं होतं, नकार दिला तर तो प्रोग्राम बिचारा काय करतो? तू म्हणालीस, काही नाही गो मावशी, नकार पण उत्तरच असतं, तो पुढचं काम करतो.

तर आता मंगळवारचा फोन. सलिलराव म्हणाले, मलाच पिठी खावीशी वाटली. मनू, लग्नात पंगतीला ज्या माणसाने ताटातली पिठी बघून हे काय म्हणून नाक वर केलं होतं, त्याला बंगळूरला बसून कुळीथ आठवले? त्यांना खोटं बोलता येत नाही, चांगला माणूस आहे. आणि मागे नळ सोडलेला ऐकू येत होता, पण नळाच्या आवाजाखाली ओकारी लपत नाही. मी तीन जावांची आणि दोन नणंदांची बाळंतपणं केलीत. मला सांगायला लागत नाही. तू सांगितलं नाहीस याचा राग नाही. पण तुला माझ्या हातची पिठी हवी होती आणि तू पुन्हा एक माणूस मधे उभा केलास, हे कळलं तेव्हा आधी मला आप्पांची आठवण आली आणि मग हसू आलं. सवय जात नाही गो. तुझी पण आणि माझी पण. म्हणून कुळीथ बेताने खा. आणि म्हणूनच हे पत्र. आधी सगळं ठरलेल्या कप्प्यांत मांडायचं आणि मग एकदाच घंटा वाजवायची, तसं सगळं मांडून झालं. आता एकच प्रश्न घालते. पहिलं बाळंतपण माहेरी असतं ही रीत मला माहीत आहे, पण ते घर तुला माहेर वाटतं का, हे मी विचारत नाही, तो दुसरा प्रश्न झाला. मला आई म्हण, असंही म्हणत नाही, तो तिसरा. एवढंच विचारते, तुझ्या बाळंतपणाला मी तुझ्याकडे येऊ का? दिवस वैशाखात भरतील असा माझा अंदाज. आंब्याचा हंगाम असेल, हायवेवर गाड्यांची रीघ असेल, पण खानावळ जनीच्या हाती देईन. तिला मिठाचा अंदाज नाही, खातील लोक अळणी. माझ्या येण्याचं ठरवून तिकीट काढून दारात उभी राहिले असते, तर तू नाही म्हणाली नसतीस, हे मला ठाऊक आहे. तशी एकदा आलेय मी तुझ्या घरात. या वेळी विचारून येईन. उजवा कौल दे नाहीतर डावा दे, पण तो तूच दे, सलिलरावांच्या तोंडून नको. तोवर मी आप्पांच्या खिडकीशी आहे. झोपवून ठेवलेल्या प्रोग्रामसारखी झोप काही मला यायची नाही, पण कांदे चिरत राहीन, त्याला उत्तर लागत नाही.

उंबऱ्याच्या बाहेर थांबलेली, तुझीच
मावशी